खोली खाली करण्याचा हुकूम झाल्यावर: मुंबईच्या लघुवाद न्यायालयातल्या अपिलाचा अनुभव

गिरगावातल्या चाळीतल्या दोन खोल्या मालकांना रिकाम्या करून द्याव्यात, असा हुकूमनामा १० जून २०२२ रोजी लघुवाद न्यायालयाने (मुंबईत मालक-भाडेकरू दावे चालवणाऱ्या स्मॉल कॉज कोर्टाने) आमच्याविरुद्ध दिला. त्यावरच्या अपिलाचा निकाल सप्टेंबर २०२५ मध्ये लागला. मधल्या काळात काय करावं लागलं, कोणती गोष्ट कधी केली तर उपयोगी पडते आणि कुठे माणसं विनाकारण हरतात, हे सगळं लिहून ठेवतो आहे. कोर्टाच्या व्हरांड्यात भेटलेली बहुतेक भाडेकरू कुटुंबं कायद्यापेक्षा वेळापत्रकात अडकलेली दिसली. त्यांना ते आधी कुणी नीट सांगितलेलंच नसतं.

पहिली गोष्ट अशी की अपील म्हणजे खटला पुन्हा पहिल्यापासून चालवणं नव्हे. साक्षीदार पुन्हा बोलवत नाहीत, नवे कागद सहसा घेत नाहीत. खालच्या कोर्टात जे पुराव्यात आलं, तेवढ्यावरून निकाल बरोबर होता का, हे तपासतात. ज्यांचा दावा अजून खालीच चालू आहे त्यांनी हे वाक्य आजच ध्यानात घ्यावं, कारण अपिलातली निम्मी लढाई उलटतपासणीच्या त्या जुन्या पानांवर आधीच होऊन गेलेली असते.

अपील कुठे होतं, हे दावा कोणत्या कायद्याखाली होता त्यावर ठरतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ खालच्या दाव्यात बृहन्मुंबईत अपील त्याच लघुवाद न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या पीठापुढे जातं (कलम ३४). ज्यांनी हुकूमनामा दिला ते न्यायाधीश त्या पीठात नसतात. परवानाधारकाविरुद्ध (भाडेकरू नव्हे, लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याविरुद्ध) प्रेसिडेन्सी स्मॉल कॉज कोर्ट्स ॲक्टच्या कलम ४१ खाली दावा असेल तर अपील कलम ४२ खाली. लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याने बाहेर काढण्याचा आदेश दिला असेल तर अपील नाहीच. तिथे भाडे कायद्याच्याच कलम ४४ चं पुनरीक्षण आहे. चुकीच्या ठिकाणी अर्ज करून महिना गेला तर भरून काढणं अवघड, म्हणून हुकूमनाम्याच्या पहिल्या पानावर दाव्याचा प्रकार आणि क्रमांक काय आहे ते आधी पाहावं. आमचा आर.ए.ई. दावा होता, म्हणजे भाडे कायद्याखालचा.

निकालाच्या दिवशी करायची कामं दोन, आणि दोन्ही त्याच दिवशी. एक, ज्या कोर्टाने हुकूमनामा दिला त्याच कोर्टाकडे तात्पुरती स्थगिती मागणं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ४१ नियम ५(२) प्रमाणे अपिलाची मुदत संपेपर्यंत तेच कोर्ट अंमलबजावणी थांबवू शकतं. हा अर्ज निकालाच्या तारखेआधीच टाइप करून वकिलांच्या फाइलमध्ये असावा; निकाल बाजूने लागला तर फाडून टाकता येतो. दुसरं, निकालाच्या आणि हुकूमनाम्याच्या प्रमाणित नकलेसाठी अर्ज.

नकलेच्या अर्जाची तारीख इतकी महत्त्वाची का, ते आकड्यांनी सांगतो. अपिलाची मुदत ३० दिवस. मुदत कायद्याच्या कलम १२ नुसार नक्कल मिळायला लागलेला वेळ त्यातून वगळतात. आमचा निकाल १० जूनचा, अर्ज १० जूनचाच, नक्कल तयार झाली ४ जुलैला. त्यामुळे ३० दिवस ५ जुलैपासून सुरू झाले आणि शेवटची तारीख ३ ऑगस्ट आली. हाच अर्ज २० जूनला केला असता तर ११ ते १९ जून हे नऊ दिवस मुदतीतून गेलेच असते आणि शेवटची तारीख २५ जुलै आली असती. याच कलमाच्या स्पष्टीकरणात आणखी एक बारकावा आहे: अर्ज करण्याआधी कोर्टाने हुकूमनामा तयार करण्यात घालवलेला वेळ वगळत नाहीत. ‘हुकूमनामा अजून तयार नाही, झाला की अर्ज करू’ असं कुणी सांगितलं तरी थांबू नये. नक्कल तयार झाल्यावर ती उचलायला लावलेले दिवसही आपल्याच खात्यात धरले जातात. नकलेच्या मागे अर्ज केल्याची, तयार झाल्याची आणि दिल्याची अशा तारखांचा शिक्का असतो. तो शिक्का स्पष्ट उमटलाय का, हे खिडकीवरच पाहून घ्यावं. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावरून उतरवलेला निकाल वकिलांनी वाचायला घेण्यापुरता ठीक, अपिलाला जोडायला नाही.

यात आणखी एक सापळा आहे. पुष्कळदा हुकूमनाम्यात ‘प्रतिवादीने तीन महिन्यांत ताबा द्यावा’ असं लिहिलेलं असतं. लोकांना वाटतं, तीन महिने आहेत तर अपिलालाही तीन महिने आहेत. तसं नाही. ती मुदत ताबा देण्याची. अपिलाची ३० दिवसांची घडी निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून चालू झालेली असते. उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज प्रतिज्ञापत्रासह अपिलाबरोबरच द्यावा लागतो, आणि तो मंजूर होईपर्यंत स्थगितीचं काम अडतं. मालकांची दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, मात्र कुणासाठी थांबत नाही.

नक्कल येईपर्यंतचे दिवस अंगावर येणारे होते. घरात कुणीच नीट झोपत नव्हतं. दारावर टकटक झाली की बेलिफच (ताबा घ्यायला येणारा कोर्टाचा माणूस) आला असं वाटायचं. बेलिफ असा अचानक येत नाही, हे आम्हांला वकिलांनी समजावून सांगितलं. त्यासाठी मालकांना दरखास्त दाखल करून ताब्याचं वॉरंट घ्यावं लागतं, आणि कोर्टाने मुदत दिलेली असेल तर ती संपायची वाट पाहावी लागते. पण अपील नुसतं दाखल केल्याने अंमलबजावणी थांबत नाही, हेही तितकंच खरं. ऑर्डर ४१ च्या नियम ५(१) मध्येच ते लिहिलेलं आहे.

त्या दिवसांत आम्ही एक काम केलं ज्याचा पुढे सर्वांत जास्त उपयोग झाला. निकाल मुद्द्यांप्रमाणे फोडला. प्रत्येक मुद्द्यापुढे कोर्टाचं उत्तर, ते उत्तर निकालाच्या कोणत्या परिच्छेदात आहे, त्यासाठी कोणत्या निशाणीचा (पुराव्यात क्रमांक पडलेल्या कागदाचा) आधार घेतला, आणि त्याच विषयावर उलटतपासणीत साक्षीदार काय म्हणाला, पान क्रमांकासह. असा तक्ता केल्यावर दिसलं की कलम १६(१)(जी) खालची मालकांची वाजवी आणि प्रामाणिक गरज यावर निकालात पानंच्या पानं आहेत, पण कलम १६(२) ची तुलनात्मक अडचण चार ओळींत उरकलेली आहे. हुकूमनामा दिल्याने कुणाची अडचण जास्त होईल, दुसरी वाजवी जागा उपलब्ध आहे का, आणि फक्त काही भागाचा ताबा देऊन दोघांचं भागेल का, हे तिन्ही प्रश्न त्या कलमात आहेत. तिसऱ्या प्रश्नाला निकालात हातच लावलेला नव्हता. आमच्या दोन खोल्यांना वेगवेगळी दारं आहेत, हे मात्र मालकांच्या साक्षीदाराने उलटतपासणीत मान्य केलेलं होतं.

अपिलाच्या मेमोत, म्हणजे अपिलाच्या मूळ अर्जात, हकिगत लिहायची नसते. हरकती अनुक्रमांक घालून, थोडक्यात, युक्तिवाद न करता मांडायच्या. मेमोत न घेतलेला मुद्दा पुढे मांडायला कोर्टाची परवानगी लागते (ऑर्डर ४१ नियम २). म्हणून ‘हुकूमनामा भागापुरता मर्यादित करता आला असता’ ही हरकत स्वतंत्र क्रमांकाने घालून घेतली. मेमो वकील लिहितात, पण सही करण्याआधी आपला तक्ता शेजारी ठेवून एकेक हरकत वाचावी. वकिलांकडे शंभर फायली असतात. त्या घरात राहिलेला माणूस आपणच असतो.

मेमोबरोबर निकालाची प्रमाणित नक्कल, वकालतनामा, स्थगितीचा अर्ज आणि त्याचं प्रतिज्ञापत्र, कागदपत्रांची यादी, पत्त्यांचं निवेदन आणि समन्सचा खर्च जातो. पीठ दोन न्यायाधीशांचं असल्याने संच जास्त लागतात, शिवाय अपिलातल्या प्रत्येक प्रतिवादीसाठी (म्हणजे आता मालकांपैकी प्रत्येकासाठी) एक. मालकांची बाजू म्हणजे भावंडं असतील तर ही संख्या पटकन वाढते. तपासणीत परत येण्याची कारणं ठरलेली: पानांना सलग क्रमांक नाहीत, भाडेपावतीची झेरॉक्स वाचता येत नाही आणि सोबत टाइप केलेली प्रत नाही, प्रतिज्ञापत्रात तारीख कोरी राहिली, वकालतनाम्यावर एखाद्या वारसाची सही राहिली. आमच्याकडे मूळ भाडेकरूचे वारस तिघं, त्यातली एक बहीण नाशिकला. तिची सही आधीच आणून ठेवली होती, म्हणून शेवटच्या आठवड्यात धावपळ झाली नाही.

खर्चाचं सांगायचं तर कोर्ट फी हा त्यातला सर्वांत लहान भाग. मालक-भाडेकरू दाव्यात ती वर्षभराच्या भाड्यावर मोजतात. आमचं भाडं महिना ३१० रुपये, त्यामुळे फी हजाराच्या आत बसली. मेमो आणि स्थगितीच्या अर्जासाठी वकिलांनी ४०,००० रुपये घेतले, अंतिम सुनावणीचे वेगळे ठरले. टायपिंग, झेरॉक्स, नोटरी यांचा खर्च हळूहळू होत राहतो आणि शेवटी मोजला की आश्चर्य वाटतं. वकिलांची फी टप्प्यांप्रमाणे आधी लेखी ठरवून घ्यावी: दाखल करणं, स्थगिती, अंतिम युक्तिवाद. दर तारखेला पैसे ही पद्धत अपिलात परवडत नाही, कारण पुष्कळ तारखांना पुढची तारीख मिळण्यापलीकडे काही होत नाही. ज्यांना फी झेपत नाही त्यांनी विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ खाली उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो. धोबीतलावच्या या कोर्टात फेऱ्या मारणाऱ्या कितीतरी विधवा भाडेकरूंना हे ठाऊक नसतं, याचं फार वाईट वाटतं.

आता स्थगिती. मालकांनी कॅव्हेट, म्हणजे ‘आम्हांला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका’ असा आधीच दिलेला अर्ज, दाखल केलेलं असेल (बहुधा असतंच) तर त्यांना नोटीस दिल्याशिवाय एकतर्फी स्थगिती मिळत नाही. म्हणून अपिलाचा संच त्यांच्या वकिलांना आधीच पोचता करून पोच घ्यावी, नाहीतर पहिली तारीख त्यातच जाते. स्थगिती मिळणं फारसं अवघड नसतं. भाडेकरू बाहेर गेला तर अपिलाला अर्थच राहत नाही, हे कोर्ट जाणतं. खरा वाद अटींवर होतो. आत्माराम प्रॉपर्टीज विरुद्ध फेडरल मोटर्स या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलं की बेदखलीचा हुकूमनामा झाल्यावर भाडेकरूने जुन्या भाड्यावर राहण्याचा हक्क धरू नये. स्थगिती देताना अपील कोर्ट बाजारभावाकडे पाहून वाजवी रक्कम भरायला लावू शकतं. २००९ च्या सुपर मॅक्स प्रकरणात, जे मुंबईच्याच लघुवाद न्यायालयातून वर गेलं होतं, महिना ५,४०,००० रुपये भरण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली. तिथे भाडेकरू राज्य सरकार होतं आणि जागा मोठी होती, पण तत्त्व दहा बाय बाराच्या खोलीलाही लागू होतं.

मालकांच्या बाजूने आसपासच्या इमारतींचे नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स करार येतात. ते नुसते ‘जास्त आहेत’ म्हणून खोडता येत नाहीत. त्या करारातल्या जागेत लिफ्ट आहे का, संडास आत आहे का, क्षेत्रफळ कार्पेट धरलंय की बिल्टअप, इमारत कधीची, हे एकेक ओळीत दाखवावं लागतं. आणि आपल्या बाजूनेही तशाच चाळीतल्या, सामाईक संडास असलेल्या खोल्यांचे करार द्यावे लागतात. शेजारपाजारच्या ओळखीतून असे करार मिळतात. आम्ही तीन दिले. मालकांनी महिना २५,००० मागितले होते, पीठाने हुकूमनाम्याच्या तारखेपासून महिना ६,५०० ठरवले. शिवाय तिसऱ्या कुणाचा हक्क निर्माण करणार नाही, पोटभाडेकरू ठेवणार नाही, असं हमीपत्र घेतलं.

या रकमेत मागची थकबाकी एकदम भरावी लागते, हे लक्षात ठेवून पैसे आधीच बाजूला काढावेत. आदेशात ‘दर महिन्याच्या दहा तारखेपर्यंत’ आणि ‘कसूर झाल्यास स्थगिती आपोआप रद्द’ असं असेल तर अकराव्या तारखेला चलन भरून भागत नाही. कोर्टाची सुटी, आजारपण, गावी जाणं, सगळं धरून आम्ही महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच भरत राहिलो. प्रत्येक चलनाची प्रत वकिलांकडे, एक घरी, एक मोबाइलमध्ये. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घराला ६,५०० हा आकडा दर महिन्याला टोचतो. पण मालकांच्या बाजूने पाहिलं तर ३१० रुपयांत गिरगावातली जागा वर्षानुवर्षं अडकते, कायद्याने वाढ होते ती वर्षाला ४ टक्के, हाही त्रास खोटा नाही. दोन्ही बाजूंना न्याय हवा असेल तर अपिलं लवकर निघायला हवीत, दुसरा उपाय मला दिसत नाही.

पुढचा टप्पा वाट पाहण्याचा. अपील दाखल करून घेतल्यावर खालच्या कोर्टातलं मूळ दप्तर मागवतात. त्याला सगळे ‘आर अँड पी’ म्हणतात. ते आल्याशिवाय अंतिम सुनावणी होत नाही. दर तारखेनंतर रोजनामा (त्या दिवशी कोर्टात काय झालं याची नोंद) वाचावा. ई-कोर्ट्स ॲपमध्ये सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र क्रमांक) टाकून ठेवला की पुढची तारीख दिसते. पण तारखेवर कुणी गैरहजर राहिलं म्हणून अपील काढून टाकलं गेलं तर ते परत बोर्डावर आणायला अर्ज करावा लागतो आणि तेवढ्यात स्थगितीही जाते; म्हणून वकील येणार असले तरी घरातलं एक माणूस बाकावर बसलेलं बरं.

मालकांनीही आपल्या बाजूने उलट हरकती दाखल केल्या. खालच्या कोर्टाने भाडं थकवल्याचा मुद्दा आमच्या बाजूने दिला होता. तो त्यांनी ऑर्डर ४१ नियम २२ खाली पुन्हा उकरला. नोटीस मिळाल्यापासून त्यांना एक महिन्याची मुदत असते. म्हणजे अपिलात आपण जिंकलेला मुद्दाही पुन्हा तपासला जाऊ शकतो. भाड्याच्या पावत्या, मालकांनी नाकारलेल्या मनीऑर्डरींच्या पावत्या, कलम १५ खाली कोर्टात भरलेल्या रकमेची चलनं, यांतलं काहीही ‘आता झालं’ म्हणून टाकू नये.

या काळात वागण्याचे काही नियम पाळावे लागतात. सलग सहा महिने खोली बंद राहिली तर वापर नसल्याच्या कारणावरून नवा दावा उभा राहतो. पोटमाळा, नवी भिंत, न्हाणीघर असं पक्कं बांधकाम मालकांच्या लेखी संमतीशिवाय केलं तर तोही वेगळा दावा. मुलाकडे ठाण्याला राहायला गेलेल्या म्हाताऱ्या जोडप्यांच्या खोल्या अशाच जातात. विजेचं बिल चालू राहायला हवं आणि त्यावरचा वापर शून्य नको.

सर्वांत कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट मृत्यूची. अपील चालू असताना प्रतिवादींपैकी कुणी वारलं तर त्याचे वारस दप्तरावर आणण्याचं काम अपील करणाऱ्याचं, म्हणजे आपलं. मुदत ९० दिवस. ती गेली तर त्या व्यक्तीपुरतं अपील संपुष्टात येतं. ते पुन्हा जिवंत करायला पुढचे ६० दिवस, आणि त्यानंतर विलंबाची कारणं देत बसावं लागतं. मालक पक्षात चार भावंडं होती, त्यातले थोरले २०२३ च्या दिवाळीनंतर गेले. चाळीत बातमी आली त्याच आठवड्यात वकिलांना कळवलं. पक्षकार वारल्याचं कोर्टाला कळवणं हे त्याच्या वकिलाचंही कर्तव्य आहे (ऑर्डर २२ नियम १०ए), पण त्यावर विसंबून राहू नये. ज्यांच्याशी भांडण चालू आहे त्यांच्या घरी मयताला जाणं काहींना विचित्र वाटेल. चाळीत ते विचित्र नसतं. आम्ही गेलो होतो.

२०२४ च्या सुरुवातीला मालकांनी त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावरची एक खोली दुसऱ्या भाडेकरूकडून तडजोडीने रिकामी करून घेतली. ही घटना निकालानंतरची, म्हणून खालच्या दप्तरात असणं शक्यच नव्हतं. अशा वेळी दोन अर्ज लागतात: कैफियतीत (दाव्याला आपण दिलेल्या लेखी उत्तरात) दुरुस्तीचा, आणि ऑर्डर ४१ नियम २७ खाली जादा पुराव्याचा. नुसता पुरावा देऊन उपयोग नाही, कारण जे कैफियतीत नाही त्याचा पुरावा बघत नाहीत. नियम २७ ची दारं तीनच: खालच्या कोर्टाने घ्यायला हवा होता तो पुरावा नाकारला, पुरेशी दक्षता घेऊनही तेव्हा मिळाला नव्हता, किंवा निकाल देण्यासाठी अपील कोर्टालाच तो हवा आहे. अर्ज दिला की लगेच निकाल मिळत नाही. तो अंतिम सुनावणीबरोबरच ऐकावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या इब्राहिम उद्दीन प्रकरणात सांगितलेलं आहे.

नंतरच्या घटनेवर फार भरवसाही ठेवू नये. गरज दाव्याच्या तारखेची पाहायची, आणि नंतर घडलेली गोष्ट त्या गरजेला पूर्ण झाकोळून टाकणारी असेल तरच तिचा विचार, हे २००१ च्या गयाप्रसाद निकालाने पक्कं केलं आहे. त्या प्रकरणात मालकाला मुलाच्या दवाखान्यासाठी जागा हवी होती. खटला इतका लांबला की मुलगा मधल्या काळात सरकारी नोकरीत लागला, तरी गरज संपली असं धरलं नाही. कोर्टाच्या विलंबाची शिक्षा मालकाला देऊ नये, हा त्यामागचा विचार. भाडेकरू म्हणून तो बोचतो, पण खोटा नाही. म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीचा उपयोग आम्ही ‘गरजच संपली’ असं म्हणायला केला नाही. ‘गरज आता भागापुरती उरली’ असं म्हटलं.

अंतिम सुनावणी २०२५ च्या उन्हाळी सुटीनंतर लागली. मालकांच्या वकिलांनी त्याच वर्षी २५ फेब्रुवारीला आलेला कन्हैयालाल आर्य विरुद्ध मोहम्मद एहसान हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुढे केला. झारखंडमधल्या त्या प्रकरणात मालकाला बेरोजगार मुलांसाठी अल्ट्रासाउंड मशीन बसवायला जागा हवी होती. पहिल्या कोर्टाने ताबा दिला, अपील कोर्टाने तो फिरवला, उच्च न्यायालयाने अपील कोर्टाचं मान्य केलं. सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या कोर्टाचा निकाल परत आणला. आपल्या कोणत्या जागेत गरज भागवायची हे मालक ठरवतो, भाडेकरूने त्याला दुसरी जागा सुचवू नये, असा त्याचा रोख आहे. आता कोणत्याही भाडे अपिलात हा निकाल समोर येणार हे धरूनच तयारी करावी. त्याला उत्तर गरजेच्या मुद्द्यावर शोधण्यापेक्षा आपल्या कायद्याच्या कलम १६(२) वर शोधावं, कारण गरज सिद्ध झाल्यावरच ते कलम सुरू होतं.

पण तिथेही ओझं आहे. बद्रीनारायण भुतडा प्रकरणात (२००३), जे जुन्या मुंबई भाडे कायद्याखालचंच होतं, सर्वोच्च न्यायालयाने तुलनात्मक अडचण कशी तोलायची हे सांगितलं आहे, आणि भाडेकरूने दुसरी जागा शोधण्याचा प्रयत्न केला का, हे त्यात मोलाचं ठरतं. ‘आम्ही कुठे जाणार’ हा पुरावा नव्हे. दलालाशी झालेला पत्रव्यवहार, पाहिलेल्या जागांचं भाडं आणि अनामत, घरातल्यांचं उत्पन्न, मुलांची शाळा, डॉक्टरांचे कागद असं सगळं खालच्या कोर्टातच निशाणी पडून यायला हवं. आमच्या दप्तरात यातलं जे होतं ते सासूबाईंच्या डायलिसिसच्या कागदांमुळे होतं; तेच उपयोगी पडलं.

युक्तिवादाच्या दिवशी आमच्या वकिलांनी लेखी टिपण दिलं: तारखांची यादी एका पानावर, मुद्दे तीन पानांत, प्रत्येक वाक्यापुढे दप्तराचं पान. खोल्यांचा साधा नकाशा जोडला, दारं आणि मोरी दाखवून. पीठाने सर्वांत जास्त वेळ त्या नकाशावर घालवला.

निकालात मालकांची गरज मान्य झाली. थकबाकीची त्यांची उलट हरकत फेटाळली. तुलनात्मक अडचण पाहता पुढच्या खोलीपुरताच हुकूमनामा ठेवला आणि मागची खोली आमच्याकडे राहिली. भाडं त्या प्रमाणात कमी झालं. ताब्याला तीन महिने. दोघांनाही पूर्ण आनंद झाला नाही, पण त्या रात्री घरात बऱ्याच दिवसांनी सगळे एकत्र जेवायला बसले. ही मागची खोली टिकण्याला भावनेपलीकडचा अर्थ आहे. इमारत उपकरप्राप्त (दुरुस्तीचा उपकर भरणारी जुनी इमारत) आहे, आणि विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) खाली पुनर्विकास झाला तर पात्र निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट कार्पेट जागा मिळते. भाडेकरूपणच गेलं तर ते दारही बंद होतं.

ताबा देतानाही कागद करावेत. पंचनामा, रिकाम्या खोलीचे फोटो, चाव्यांची पोच, मधलं दार कोणत्या बाजूने आणि कुणाच्या खर्चाने बंद होणार याची नोंद, विजेचं मीटर कुणाच्या नावावर राहणार याची नोंद. मालकांनी भविष्यात ती खोली ठरलेल्या वापरासाठी घेतली नाही किंवा वर्षभरात दुसऱ्याला भाड्याने दिली तर कलम १७ खाली मूळ भाडेकरूला परत मागता येते, आणि त्यासाठीचा अर्ज ताबा गेल्यापासून तेरा महिन्यांत करावा लागतो. म्हणून ताब्याची तारीख पंचनाम्यात अक्षरांत आणि आकड्यांत, दोन्हींत लिहून घेतली.

कोर्टात भरलेल्या रकमेचा हिशेब वेगळा. हुकूमनाम्यापर्यंत भाडेकरूपण चालू असतं, त्यामुळे वहिवाटीची (जागा वापरल्याबद्दलची) भरपाई लागली तर हुकूमनाम्यापासूनची. जी खोली राहिली तिच्या वाट्याची जादा रक्कम परत मिळण्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो, सर्व चलनांच्या यादीसह. हा अर्ज आम्ही दिला आहे, आदेश यायचा आहे.

अपील पीठाच्या वर दुसरं अपील नाही. मालक किंवा आम्ही उच्च न्यायालयात दिवाणी पुनरीक्षण अर्ज करू शकतो, मुदत ९० दिवस. पण २०१४ च्या हिंदुस्थान पेट्रोलियम विरुद्ध दिलबहार सिंग या घटनापीठाच्या निकालानंतर तिथे पुरावा पुन्हा तोलून मागता येत नाही, निकालातलं बेकायदेशीरपण किंवा उघड विसंगती दाखवावी लागते. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी प्रमाणित नकलेचा अर्ज केला आणि त्याच आठवड्यात उच्च न्यायालयात कॅव्हेट दाखल केलं. कॅव्हेट ९० दिवसच चालतं. विलंब माफ करून घेऊन समोरचा नंतरही येऊ शकतो, म्हणून ते संपायच्या आत नवं दाखल करावं लागतं. त्याची तारीख चलनांच्या फाइलवरच लिहून ठेवली आहे.